नवी फिक्स्ड ब्लेड सुरी ट्रेकला नेण्याआधी: घरच्या अंगणातील चाचणीचा योग्य क्रम

नवी फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न दुमडणाऱ्या पात्याची, सुरी खोक्यातून बाहेर आली की बहुतेक जण त्याच संध्याकाळी ती एखाद्या ओंडक्यावर हाणून पाहतात, धारेला खांडा पडला की पोलाद वाईट होते असे ठरवतात, आणि नाही पडला तर सुरी उत्तम म्हणून सॅकमध्ये टाकतात. दोन्ही निष्कर्षांना आधार नसतो. खांडा पोलादामुळे पडला, लाकडातल्या गाठीमुळे पडला, की कारखान्यातून आलेल्या कच्च्या धारेमुळे पडला, हे एका दणक्यातून कळत नाही. चाचणी हलक्या कामाकडून जड कामाकडे न्यावी आणि प्रत्येक टप्प्यानंतर धार पुन्हा पाहावी, म्हणजे काही बिघडले तर ते कोणत्या कामात बिघडले हे नेमके समजते. पुढील सर्व पायऱ्यांची मांडणी एवढ्याच तत्त्वावर केली आहे.

हा लेख ९ ते १२ सेंटीमीटर लांबीच्या आणि साधारण २.५ ते ४ मिलिमीटर जाडीच्या पात्याविषयी आहे. सह्याद्रीतल्या भटकंतीत भाजी चिरणे, दोरी कापणे, तंबूच्या खुंट्या तासणे आणि चुलीसाठी काटक्या सोलणे या कामांना ही सुरी पुरते. झुडपे तोडणे आणि जाड लाकूड फोडणे हे कोयत्याचे काम आहे, आणि ते सुरीकडून करून घेण्याच्या हट्टात अनेक चांगल्या सुऱ्या वाया जातात.

१. जागा ठरवा आणि कायदा लक्षात ठेवा

चाचणी घराच्या अंगणात, शेतावर किंवा मोकळ्या गच्चीवर करावी, किल्ल्यावर किंवा जंगलात करू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत सुरीचा नावाने उल्लेख आहे. रतनगड आणि हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, भीमाशंकरचे जंगलही अभयारण्यच आहे. म्हणजे ट्रेकर ज्या वाटांवर सर्वाधिक जातात त्यांपैकी कित्येक वाटांवर सुरी नेण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात विचारणे आवश्यक आहे. जिवंत झाडाची फांदी तोडून धार पाहणे तर कुठेच योग्य नाही, आणि राखीव वनात तो गुन्हा आहे.

शस्त्र कायदा, १९५९ खालील नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्र म्हणून येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक उपयोगासाठी बनवलेल्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. आपली सुरी या मापाच्या बरीच आत असते, परंतु तेवढ्याने ती कुठेही मिरवता येते असे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शहरांत आणि जिल्ह्यांत वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्यांत सुऱ्या बाळगण्यावरही बंदी असते. सणावाराच्या आणि निवडणुकीच्या काळात निघण्यापूर्वी ही माहिती घ्यावी.

२. साहित्य आधी जमवा

सुरी हातात घेतल्यानंतर साहित्य शोधायला उठावे लागू नये. पुढील वस्तू एका ताटात काढून ठेवाव्यात: जुने वर्तमानपत्र, थोडा कापूस, तागाची सुतळी, ६ ते ८ मिलिमीटर जाडीची सुती दोरी, पिना आणि चिकटपट्टी काढलेला पुठ्ठा, दोन-तीन बटाटे आणि टोमॅटो, काळे पर्मनंट मार्कर, टॉर्च, भांडी घासायचे साबण, कोरडे फडके. प्रथमोपचारासाठी निर्जंतुक गॉज, रुंद बँडेज आणि चिकटपट्टी हाताशी असावी, आणि ती घरातल्या कपाटात नव्हे तर जिथे बसणार तिथेच असावी.

लाकडाची निवड लोक फार गाफीलपणे करतात. पहिल्या चाचणीसाठी आंबा किंवा सुबाभूळ यांच्या छाटणीतली, अंगठ्याएवढी जाड, सरळ रेषांची फांदी चांगली. सोसायटीत गुलमोहराची छाटणी झाली असेल तर तीही चालेल. बांबू आणि साग यांत सिलिका असते आणि ती धार लवकर मारते, त्यामुळे ही दोन लाकडे शेवटी घ्यावीत. वाळलेली बाभूळ पहिल्या दिवशी नकोच. माल भरून येणाऱ्या पेट्यांच्या पाइनच्या फळ्या मऊ आणि सोयीच्या असतात, पण त्यांत मोडके खिळे लपलेले असतात, म्हणून प्रत्येक फळी सर्व बाजूंनी पाहून घ्यावी.

सावधान: कण्हेर विषारी आहे, शेराचा चीक डोळ्यांत गेला तर तीव्र इजा होते, आणि बिब्ब्याच्या रसाने अंगावर फोड येतात. ज्या झाडाची ओळख पटत नाही त्याची काठी तासू नये. त्याच सुरीने पुढे काकडी चिरायची आहे, हे लक्षात असू द्यावे.

३. कोरडी पाहणी: परत करायची असेल तर इथेच ठरवा

वापरलेली सुरी बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. म्हणून पहिला काप घेण्यापूर्वीची ही पाहणी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त वगळली जाणारीही हीच आहे. खोके, पावती आणि वेष्टन जपून ठेवावे. पात्याचे मुठीपासून टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी, भरपूर उजेडात, फोटो काढून ठेवावेत.

सुरी डोळ्यासमोर धरून पाठीच्या, म्हणजे धारेविरुद्धच्या बोथट, बाजूने, मुठीकडून टोकाकडे पाहावे. पाठीची रेघ सरळ दिसली पाहिजे. नंतर सुरी उलटी करून, सावकाश, धारेच्या बाजूनेही हेच पाहावे. धारेसाठी घासलेला उतार दोन्ही अंगांना सारखा रुंद आहे का, हे पाते टॉर्चखाली तिरके धरले की चटकन दिसते. टोकाजवळ थोडा फरक असतो आणि तो चालून जातो. मधल्या भागात एका बाजूचा उतार दुसऱ्याच्या दीडपट असेल तर सुरी कापताना सतत एका अंगाला ओढत राहील.

त्यानंतर मूठ पाहावी. पात्याचे पोलाद मुठीच्या आत जिथवर जाते त्या भागाला टँग म्हणतात. टँग मुठीच्या पूर्ण लांबीरुंदीची असेल तर तिची कड मुठीच्या भोवती सर्वत्र दिसते. ती अरुंद दांडीसारखी असेल तर मूठ बाहेरून अखंड दिसते, आणि अशा वेळी तिची लांबी विक्रेत्याला विचारूनच घ्यावी लागते. अरुंद टँग म्हणजे सुरी वाईट असे मुळीच नाही. ठोकून लाकूड फोडण्याची आठवी पायरी मात्र तिच्यासाठी नाही. पाते आणि मूठ यांच्या सांध्यात नख जाईल एवढी फट असेल तर तिथे पाणी आणि मीठ शिरून आतून गंज धरेल. मूठ दोन्ही हातांनी विरुद्ध दिशांना हलकेच पिळून पाहावी. कानाजवळ धरली असता चर्रर्र किंवा टक् असा कोणताही आवाज येता कामा नये.

लोहाराकडून बनवून घेतलेल्या सुरीसाठी आणखी एक तपासणी आहे. ट्रकच्या कमानपट्टीच्या पोलादापासून उत्तम सुऱ्या होतात, पण पाणी देण्याचे, म्हणजे पाते तापवून आणि विझवून कठीण करण्याचे, काम नीट झाले आहे का हे बाहेरून दिसत नाही. मुठीजवळच्या धारेच्या शेवटच्या टोकावर बारीक कानस अगदी हलक्या हाताने एकदाच फिरवावी. कानस काचेवरून सरकावी तशी निसटली तर पाणी बसले आहे. ती चावून पोलादाचा कीस काढू लागली तर पाते मऊ राहिले आहे. पाठीवर ही तपासणी करू नये, कारण पाठ मुद्दामही मऊ ठेवलेली असते. विकतच्या सुरीवर कानस लावलीत तर ती परत करण्याचा मार्ग बंद झाला असे समजावे.

तपासणी: वाकलेले पाते, फट असलेला सांधा, हलणारी मूठ किंवा धारेवर निळसर जांभळा पट्टा यांपैकी काहीही आढळले तर पुढे जाऊ नये. निळा रंग साधारण ३०० अंश सेल्सिअसला उमटतो आणि घासताना धार तापल्याची ती खूण आहे. त्या जागी पोलाद मऊ झालेले असण्याची शक्यता मोठी असते.

४. म्यानाची चाचणी

सुरीइतकीच चाचणी म्यानाचीही होते, कारण ट्रेकमध्ये सुरी जवळपास सर्व वेळ म्यानातच असते. सुरी म्यानात घालून गादीवर हात धरावा, म्यान उलटे करावे आणि जोराने हलवावे. सुरी निसटली तर म्यान नापास. प्लॅस्टिकच्या म्यानात सुरी बसताना टक् असा आवाज यावा, आणि काढताना म्यानावर अंगठा रेटून ती सुटावी. दोन्ही हातांनी ओढून काढावी लागत असेल तर ती सुटते तेव्हा झटक्याने सुटते आणि समोरच्याला लागते.

चामडी म्यानात वेगळी काळजी घ्यावी लागते. सुरी काढताना आणि घालताना पाठ म्यानाच्या पाठीला टेकवून सरकवावी, धार शिवणीवर घासू देऊ नये. म्यान धरण्याची चुकीची पद्धत तर सर्रास दिसते: चारही बोटे धारेच्या बाजूला वळलेली असतात, आणि शिवण सुटली की पाते थेट बोटांत जाते. म्यान पाठीच्या बाजूने धरावे, किंवा दोन सपाट बाजूंवर अंगठा आणि बोटे ठेवून धरावे.

सावधान: सुरी घालताना नजर म्यानाच्या तोंडावरच असावी. गप्पा मारता मारता म्यान करणे हे बोट कापण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे.

५. मूळ धारेची नोंद

पात्यावर कारखान्याचे तेल किंवा मेणाचा थर असतो. साबण आणि कोमट पाण्याने, पाठीकडून धारेकडे फडके फिरवत, पाते धुऊन लगेच कोरडे करावे. मग तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, प्रकाशाची. दिव्याखाली धार वर करून धरावी आणि सुरी हलकेच डोलवावी. नीट धारेवर प्रकाश परावर्तित होत नाही. जिथे धार बोथट आहे किंवा वळली आहे तिथे बारीक ठिपका किंवा रेघ चमकते. दुसरी, कापसाची. कापसाचा पुंजका पाठीकडून धारेकडे पुसत न्यावा आणि धारेच्या पलीकडे सोडून द्यावा. जिथे तंतू अडकतील तिथे खांडा किंवा उभी राहिलेली धातूची कड आहे. तिसरी, कागदाची. वर्तमानपत्राचे पान एका हाताने लोंबते धरून मुठीजवळच्या धारेपासून टोकापर्यंत एकच लांब काप घ्यावा. कागद फाटला किंवा अडकला तर पात्याची ती जागा मार्करने पाठीवर ठिपका देऊन नोंदवावी.

अंगठ्याने धार पाहायची असेल तर अंगठा धारेला आडवा, धारेपासून दूर सरकवत पाहावी. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये. हे सर्वांना माहीत असते आणि तरीही घडते.

कारखान्याची पहिली धार ही सुरीच्या पोलादाची खरी ओळख नसते. यंत्राच्या पट्ट्यावर घासताना अगदी कडेचा पातळ थर तापून कमजोर झालेला असू शकतो, आणि तो दोन-तीनदा पाजवल्यानंतरच निघून जातो. म्हणून पुढच्या पायऱ्यांत धार लवकर गेली तरी लगेच निर्णय देऊ नये.

६. हलकी कामे

आता पहिला टोमॅटो चिरावा. सालीत सुरी दाब न देता उतरली पाहिजे. नंतर बटाटा. जाड पाठीची सुरी बटाट्यात अर्ध्यापर्यंत गेली की पाचरीसारखी अडकते आणि बटाटा कापला जाण्याऐवजी चिरफाळतो. हा दोष धारेचा नाही, तर पात्याच्या जाडीचा आणि घासणीच्या, म्हणजे पाते घासून दिलेल्या उताराच्या, आकाराचा आहे. स्कँडी प्रकारची घासणी, ज्यात पात्याच्या खालच्या भागात एकच रुंद उतार थेट धारेपर्यंत येतो, लाकूड तासायला फार सुखाची आणि बटाट्याला त्रासाची असते. पाठीपासून धारेपर्यंत सपाट उतरत जाणारी घासणी स्वयंपाकाला बरी. ट्रेकमध्ये सुरीचे बहुतांश काम कांदा-बटाट्याचेच असते, त्यामुळे माझ्या मते बटाट्याची ही चाचणी लाकडाच्या चाचणीपेक्षा निर्णायक मानावी.

त्यानंतर सुतळी आणि सुती दोरी. दोरी फळीवर ठेवून मागेपुढे न करवतता सरळ खाली दाबून कापावी, आणि पात्याच्या एकाच जागेने पंचवीसेक काप घ्यावेत. मग पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या. काथ्याची दोरी पहिल्या दिवशी टाळावी, कारण तिच्यात बारीक वाळू अडकलेली असू शकते आणि मग आपण पोलादाची नव्हे, वाळूची परीक्षा घेतो.

तपासणी: कागद, कापूस आणि प्रकाश या तिन्ही तपासण्या पुन्हा कराव्यात. कागद थोडा खरखरीत कापला जाणे स्वाभाविक आहे. दोरी कापलेल्या जागी धारेवर चमकणारी सलग रेघ दिसली तर धार वळली आहे; लाकडाकडे जाण्यापूर्वी पाजवणीची अकरावी पायरी आधी करावी आणि मग इथे परत यावे.

७. लाकूड तासणे

आधी बसण्याची पद्धत. पाटावर किंवा खुर्चीवर बसून दोन्ही कोपरे गुडघ्यांवर टेकवावेत आणि काम गुडघ्यांच्या पुढे करावे. मांडीवर लाकूड ठेवून तासू नये. जांघेत मोठी रोहिणी असते आणि तिथली जखम काही मिनिटांत जिवावर बेतू शकते. सुरीसकट हात लांब करून स्वतःभोवती फिरवला तर जेवढे वर्तुळ होईल तेवढ्यात दुसरे कोणी असू नये, लहान मुले तर मुळीच नसावीत.

काठी एका हातात, सुरी दुसऱ्या हातात पूर्ण मुठीने धरून, शरीरापासून दूर, लांब आणि सावकाश काप घ्यावेत. सुरुवातीला साल काढावी, मग टोक करावे, मग काठीच्या मध्यभागी एक खाच पाडावी. खाच पाडताना पाते लाकडात पिळू नये. आडव्या पिळण्यानेच धारेचे तुकडे उडतात, आणि सुरी नवी असताना हा मोह फार होतो.

यानंतर पिसांची काठी करावी: वाळलेल्या, चौकोनी चिरलेल्या लाकडाच्या कोपऱ्यावरून पातळ, वळलेले काप अशा रीतीने काढायचे की ते काठीला चिकटून राहतील. पावसाळ्यात ओल्या सरपणावर आग धरायला याचा उपयोग होतोच, पण चाचणी म्हणून ते अधिक मोलाचे आहे, कारण हात, मूठ आणि घासणी यांचा मेळ बसतो की नाही हे इतर कशातूनही इतके स्पष्ट होत नाही. पाते लाकडात खोल शिरत असेल तर पाठ जराशी खाली आणावी. पाते वरून निसटत असेल तर पाठ थोडी उचलावी. पाच-सहा काप झाले की हाताला तो कोन सापडतो. दहा-पंधरा काठ्यांनंतरही सापडला नाही, आणि धार मात्र शाबूत आहे, तर ती घासणी तुमच्या हाताची नाही.

सुमारे पंधरा मिनिटे काम झाल्यावर सुरी खाली ठेवून तळहात पाहावा. अंगठ्याच्या मुळाशी किंवा तर्जनीच्या बाजूला लाल ठिपका दिसत असेल तर मुठीची ती कड टोचते आहे. लाकडी मूठ बारीक पॉलिश पेपरने तिथे गोल करता येते. घट्ट रबरी मुठीला फारसे काही करता येत नाही. मग हात ओले करून, आणि नंतर तेलाचे बोट लावून, तेच हलके काप पुन्हा घ्यावेत. इथे जोर लावायचा नाही आणि टोक कशातही खुपसायचे नाही. हात धारेकडे सरकतो आहे असे जाणवले तर तिथेच थांबावे. आषाढातल्या पावसात ही मूठ भरवशाची नाही, हे उत्तर मिळालेच आहे.

सावधान: काप लागला तर गॉज ठेवून सलग दहा मिनिटे घट्ट दाबावे, मध्ये उचलून पाहू नये. रक्त उसळत असेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल तर दाब कायम ठेवून १०८ ला फोन करावा. धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

८. ठोकून लाकूड फोडणे: ऐच्छिक, आणि अटींसह

पात्याच्या पाठीवर दंडुक्याने ठोकून लाकूड चिरण्याची पद्धत व्हिडिओंमुळे फार पसरली आहे. ही पायरी सोडली तरी चाचणी अपुरी राहत नाही. करायचीच असेल तर टँग पूर्ण असावी, पाते ३ मिलिमीटरपेक्षा पातळ नसावे, आणि विक्रेत्याच्या हमीपत्रात हा वापर वर्ज्य केलेला नसावा.

लाकूड सरळ रेषांचे, बिनगाठीचे घ्यावे. ठोकण्यासाठी पात्याचे ४ ते ५ सेंटीमीटर टोक पलीकडे बाहेर राहिले पाहिजे, म्हणजे १० सेंटीमीटरच्या पात्याला ५ ते ६ सेंटीमीटरपेक्षा जाड लाकूड घेऊ नये. खाली दगड किंवा फरशी नसावी, दुसरा ओंडका असावा. ठोकायला लाकडी दंडुकाच वापरावा. हातोडी किंवा दगड वापरला की पाठीला ठेचा बसतात आणि ठिणगीसारखे धातूचे कण उडू शकतात. मूठ आडवी ठेवावी आणि मुठीवर दाब देऊन पाते वाकवू नये. पाते अडकले तर ते हलवून सोडवण्याऐवजी त्याच चिरेत लाकडी पाचर ठोकावी.

तपासणी: पाठीची रेघ पुन्हा सरळ आहे का, मुठीचे रिवेट सैल झाले आहेत का, सांध्यात नवी फट आली आहे का.

९. बिघाडाचा अर्थ लावणे

धार दोन प्रकारे बिघडते आणि दोन्हींची कारणे वेगळी असतात. धार वळली असेल, म्हणजे कापूस एकाच बाजूने अडकतो आणि प्रकाशात सलग रेघ दिसते, तर पोलाद मऊ आहे किंवा धारेचा कोन कामाच्या मानाने फार बारीक आहे. धारेचा तुकडा उडाला असेल, म्हणजे कापूस दोन्ही बाजूंनी अडकतो आणि भिंगातून दातरी कड दिसते, तर पोलाद ठिसूळ आहे, किंवा पाते खिळ्याला, दगडाला वा गाठीला लागून पिळले गेले आहे. त्या जागेचे लाकूड तपासल्याशिवाय पोलादाला दोष देऊ नये.

मार्करचे ठिपके इथे उपयोगी पडतात. बिघाड मुळातच कमजोर नोंदवलेल्या जागी झाला असेल तर तो बहुधा कारखान्याच्या धारेचा आहे. दोनदा पाजवून, तेच लाकूड आणि तेच काप पुन्हा घेऊनही त्याच प्रकारे बिघाड होत असेल, तर तक्रार करण्याजोगा पुरावा तुमच्या हाती आहे. सुरुवातीचे फोटो त्यासाठीच काढले होते.

१०. धुणे, वाळवणे आणि गंजाची परीक्षा

काम संपल्यावर चीक आणि साखर पात्यावर वाळू देऊ नये. साबणाने धुऊन, सांध्याजवळ विशेष पुसून, सुरी म्यानाबाहेर तासभर वाळवावी. उकळत्या पाण्यात किंवा डिशवॉशरमध्ये टाकू नये.

कार्बन पोलादाच्या पात्यावर लिंबू, कैरी, कोकम यांच्या आंबटाने करडा-काळसर थर येतो. तो दोष नाही. घासून काढण्याचे कारण नाही. नारिंगी, बोटाला लागणारी भुकटी मात्र गंज आहे, आणि कोकणच्या पावसाळी हवेत ती एका रात्रीतही उमटू शकते. स्टेनलेस पोलादही समुद्राच्या पाण्यात डागाळते, फक्त सावकाश. पात्याला लावायला औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन चांगले. ते खाद्यपदार्थांना चालते आणि खवट होत नाही. गोडेतेल काही आठवड्यांत चिकट होते. शिवणयंत्राचे तेल पात्याला चालते, पण त्या पात्याने नंतर धुतल्याशिवाय काही चिरू नये.

चामडी म्यानात सुरी घरी साठवू नये. चामडे ओल धरते, आणि कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला खातात.

११. पहिली पाजवणी स्वतः करा

ज्या सुरीला तुम्ही धार लावू शकत नाही ती सुरी तुमच्या कामाची नाही, म्हणून पाजवणी हा चाचणीचाच भाग आहे. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे किंवा कोरड्या ग्राइंडरवर सुरी देऊ नये. ठिणग्या उडतात तेव्हा धार तापलेली असते, आणि एकदा पाणी उतरले की ते घरी परत येत नाही. चाकांच्या खाचेतून ओढायचे स्वयंपाकघरातले यंत्र धार ओरबाडते आणि स्वतःचा कोन लादते.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एक बाजू भरड आणि एक बारीक असलेला कार्बोरंडम दगड पुरेसा आहे. दगड ओल्या फडक्यावर ठेवावा म्हणजे सरकत नाही. धारेच्या उतारावर दोन्ही अंगांना काळे मार्कर फासावे आणि बारीक बाजूवर दोन-तीनच फेऱ्या माराव्यात. शाई फक्त वरच्या कडेची गेली असेल तर पाठ फार खाली आहे, फक्त अगदी धारेची गेली असेल तर पाठ फार वर आहे, आणि संपूर्ण उताराची सारखी गेली असेल तर कोन जुळला. स्कँडी घासणीत रुंद उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप मिळतो. इतर घासणीत अंदाज हवा असेल तर ३० मिलिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून साधारण १० मिलिमीटर उचलली की कोन २० अंशांच्या आसपास येतो.

एका बाजूने घासत राहावे, जोवर दुसऱ्या बाजूला मुठीपासून टोकापर्यंत सलग बारीक खरखरीत कड बोटाला जाणवत नाही. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. बर अर्ध्याच लांबीवर आली आणि बाजू पालटली, ही सर्वाधिक होणारी चूक आहे. मग उरलेली धार कितीही घासली तरी बोथटच राहते. दोन्ही बाजूंनी बर आल्यावर दाब कमी करत, एकआड एक बाजूने हलक्या फेऱ्या माराव्यात. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या खरखरीत बाजूवर पाते पाठ पुढे आणि धार मागे ठेवून दहा-पंधरा वेळा ओढावे. धार पुढे ठेवून ओढले तर पट्टा कापला जाईल.

तपासणी: वर्तमानपत्र मुठीपासून टोकापर्यंत एका कापात, आवाज न बदलता, कापले गेले पाहिजे. त्यानंतर सहाव्या आणि सातव्या पायरीतली कामे पुन्हा करावीत. सुरीच्या पोलादाविषयीचे मत आता बनवावे, आधी नाही.

१२. पहिल्या ट्रेकची बांधणी

म्यानातली सुरी फडक्यात गुंडाळून सॅकच्या तळाशी, पाठीच्या बाजूला न येता, इतर भांड्यांसोबत ठेवावी. एसटीत किंवा लोकलमध्ये ती कमरेला लावून बसू नये. मेट्रोच्या प्रवेशद्वारावर सामानाची तपासणी होते आणि सुरी नेता येत नाही; विमानात ती फक्त चेक-इन सामानात जाते, केबिनच्या पिशवीत नाही.

पहिल्या ट्रेकमध्ये स्वयंपाक आणि दोरी एवढीच कामे तिच्याकडून घ्यावीत. रात्री मुक्कामाला ती म्यानातच आणि ठरलेल्या एकाच जागी असावी, उघडी जमिनीवर खुपसून ठेवू नये. ओल्या मातीतले बारीक खडे धार तर घालवतातच, शिवाय अंधारात कोणाचा तरी पाय तिच्यावर पडतो. घरी परतल्यावर म्यानात पाणी ओतून ते निथळते का पाहावे. तळाशी छिद्र नसेल तर प्रत्येक पावसाळी ट्रेकनंतर म्यान उलटे टांगून दोन दिवस वाळवावे लागेल.